घास अडतो कुठे? तोंड आणि अन्ननलिकेच्या रुग्णाची शुश्रूषा : नव्या सिस्टर-ब्रदरसाठी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कुठल्याही वॉर्डात नवी ड्यूटी लागली की आठवडाभरात एक वाक्य कानावर पडतंच : "सिस्टर, याले घास अटकस." तक्रार एकच असते, पण तिच्यामागची कारणं फार वेगवेगळी असतात. कुणाचं तोंड सुपारीनं आवळलेलं असतं, कुणाच्या गालात जखम असते, कुणाला अर्धांगवायूनंतर गिळताना ठसका लागतो, तर कुणाची अन्ननलिकाच आतून अरुंद झालेली असते. म्हणून ताट पुढे करण्याआधी घास नेमका कुठे अडतो ते शोधा. ओठापासून जठरापर्यंतच्या वाटेवर अडथळा कुठे आहे हे कळलं, की रुग्णाला बसवायचं कसं, भरवायचं काय आणि डॉक्टरांना लगेच काय सांगायचं हे बहुतेक ठरून जातं.

पहिलं काम : विचारणं

"कशाला अडतं, भाकरीला की पाण्यालाही?" हा पहिला प्रश्न. आधी भाकरी अडायला लागली, मग भात, मग वरण आणि आता पाणीही कष्टानं जातं, असं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत घडलं असेल तर अन्ननलिका अरुंद होत चालली आहे. तिथे गाठ असू शकते. हे त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला. भाकरी आणि पाणी दोन्ही सुरुवातीपासूनच अडत असतील तर नळीच्या हालचालीत दोष असण्याची शक्यता जास्त. गिळायला सुरुवात करताक्षणी ठसका लागतो किंवा पाणी नाकातून परत येतं, तेव्हा अडचण घशात किंवा मज्जातंतूत असते.

रुग्णाला बोट ठेवून जागा दाखवायला सांगा, पण त्या बोटावर पूर्ण भरवसा ठेवू नका. अन्ननलिका साधारण 25 सेंटीमीटर लांब असते आणि तिच्या खालच्या टोकाचा अडथळाही पुष्कळदा गळ्याच्या खळगीतच जाणवतो.

वजन करा. काटा बिघडलेला असेल तर बांगड्या, अंगठी, पायजम्याची नाडी किती सैल झाली ते विचारा. रुग्णाचे शब्द केस पेपरवर जसेच्या तसे लिहा. "तोंडमा आग व्हस" हे "तोंडाचा त्रास" असं गुळमुळीत करून लिहिलं तर तिखट लागताना होणारी जळजळ कागदावरून गायब होते, आणि आजाराचं ते पहिलं चिन्ह असू शकतं. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पावरा किंवा भिल्ल रुग्णाशी भाषा जुळत नसेल तर भाकरीचा तुकडा, भाताचं शीत आणि पाण्याचा पेला समोर ठेवून एकेकाकडे बोट दाखवा. तो मान हलवून अचूक उत्तर देतो.

दुसरं काम : तोंड उघडून बघणं

सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम हेच, म्हणून त्यावर जरा थांबून लिहितो आहोत. टॉर्च, हातमोजे, टंग डिप्रेसर, गॉजचे तुकडे आणि किडनी ट्रे घ्या. कवळी असेल तर काढायला लावा, कारण कवळीखालीच जखम लपलेली असते. क्रम रोज तोच ठेवा म्हणजे कुठलीही जागा सुटत नाही : ओठ, दोन्ही गालांच्या आतल्या बाजू, हिरड्या, जिभेचा वरचा भाग, मग गॉजनं जिभेचं टोक धरून तिच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा, शेवटी टाळू आणि घसा. जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा मुद्दाम बघा. जीभ धरून बाजूला ओढल्याशिवाय त्या दिसतच नाहीत.

तंबाखूची गोळी कुठल्या गालात ठेवता, असं विचारा आणि तो गाल बोटानं चाचपा. कडक, दोरीसारखे पट्टे लागले तर सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर आवळत चाललं आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरीही सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून येतातच. "गुटखा बंद आहे ना" असं म्हणून हा प्रश्न सोडू नका. बायकांना "तंबाखू खाता का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. "मावशी, मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?" असं विचारा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच असते, पण ती लावणाऱ्या बाईच्या लेखी ते दात घासणं असतं.

तोंड किती उघडतं ते मोजा. रुग्णाला स्वतःचीच तीन बोटं एकावर एक अशी उभी वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन गेली तर ठीक. दोनच गेली तर पट्टीनं दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 35 ते 50 मिमी उघडतं. ते 20 मिमीच्या खाली असेल तर ऑपरेशनला नेताना भूलतज्ज्ञांना आधी कळवा, कारण श्वासनळीत नळी घालणं अवघड जातं.

पांढरा चट्टा दिसला तर ओल्या गॉजनं हलकेच पुसून बघा. दह्यासारखा थर निघाला आणि खाली लाल भाग दिसला तर बहुधा बुरशी (कँडिडा) आहे. पुसला जात नसेल तर तो कर्करोगपूर्व चट्टा असू शकतो आणि तो डॉक्टरांनी बघायलाच हवा. 2 आठवड्यांत न भरणारी जखम, लाल मखमली चट्टा, विनाकारण हलू लागलेला दात, एकाच बाजूचा कान दुखणं, मानेत गाठ, यातलं काहीही आढळलं तर "तोंड आलंय, बी-कॉम्प्लेक्स घ्या" म्हणून परत पाठवू नका.

तोंडाची रोजची निगा

गुळणीचं पाणी वॉर्डातच करता येतं. 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 1 सपाट चमचा मीठ आणि 1 सपाट चमचा खाण्याचा सोडा. एका पेल्यापुरतं (250 मिली) हवं असेल तर दोन्ही पाव-पाव चमचा. झाकण ठेवा, रोज ताजं करा. जागेपणी दर 2 ते 4 तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर तोंडात खेळवून थुंकायला सांगा. मीठ अंदाजानं ओतलं तर जखमा झोंबतात आणि रुग्ण पुढची गुळणी घेतच नाही. अल्कोहोल असलेला माउथवॉशही याच कारणानं नको. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक गुळणी) लिहिलं असेल तर ते टूथपेस्टनंतर अर्ध्या तासानं द्या, नाहीतर पेस्टमुळे त्याचा परिणाम उतरतो. त्यानं दात काळपट होतात हेही रुग्णाला आधीच सांगून ठेवा.

ब्रश मऊच हवा, लहान मुलाचा असला तर उत्तम. तोही सहन होत नसेल तर बोटाला गॉज गुंडाळून दात पुसा. बेशुद्ध रुग्णाला कुशीवर वळवा, गालाखाली टॉवेल आणि किडनी ट्रे ठेवा, सक्शन सुरू करून हाताशी ठेवा आणि तोंड थोड्याच पाण्यानं स्वच्छ करा. सक्शन बिघडलेलं असेल तर ओला गॉज पिळूनच वापरा, पाणी ओतू नका. ग्लिसरीन-लिंबाचे बोळे पुष्कळ ठिकाणी अजून वापरात दिसतात. ते सोडून द्या : ग्लिसरीन पाणी ओढून घेतं, लिंबू झोंबतं आणि तासाभरात तोंड आधीपेक्षा कोरडं पडतं. ओठांना व्हॅसलीनचा पातळ थर लावा, पण ऑक्सिजन सुरू असेल तर पाण्यात विरघळणारं जेल वापरा.

रेडिएशन किंवा केमोथेरपीच्या रुग्णाचं तोंड रोज बघून श्रेणी लिहा. नुसती लाली आणि दुखणं म्हणजे 1. जखमा आहेत पण घट्ट खाता येतं म्हणजे 2. फक्त पातळच जातं म्हणजे 3. तोंडानं काहीच जात नाही म्हणजे 4. रेडिएशनमध्ये त्रास साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढू लागतो. काल 2 होती आणि आज 3 झाली, हे पुढच्या शिफ्टला तोंडी सांगून भागत नाही. नळीनं अन्न सुरू करायचं का, हा निर्णय त्यावर अवलंबून असतो. खाण्याआधी लिग्नोकेनचं जेल दिलं असेल तर घसा बधिर असतो हे लक्षात ठेवा. घास कुठे आहे ते रुग्णाला कळत नाही आणि जीभ भाजली तरी कळत नाही, म्हणून अन्न कोमट आणि घास छोटा. बुरशीचं औषध (क्लोट्रिमॅझोलचा माउथ पेंट किंवा निस्टॅटिन) तोंड स्वच्छ केल्यावर लावा आणि त्यानंतर अर्धा तास काही देऊ नका. कवळी रात्री काढून भिजत ठेवायला सांगा, नाहीतर बुरशी कवळीवरून परत येते.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो, वॉर्डातला पंखा गरम हवा फेकतो आणि तोंडानं श्वास घेणाऱ्या रुग्णाची जीभ दुपारपर्यंत चामड्यासारखी होते. उशाशी माठातल्या पाण्याचा पेला आणि चमचा ठेवा. गिळायची परवानगी असेल तर दर 15-20 मिनिटांनी एक घोट, नसेल तर नुसता ओला गॉज.

ताटात काय

डाएट शीटवर "मऊ आहार" एवढंच लिहिलं तर घरून शेवभाजी आणि त्यात कुस्करलेली भाकरी येते. मऊ आहे खरी, पण काळ्या मसाल्यानं जखमा पेटतात. नातेवाइकांना पदार्थाचं नाव घेऊन सांगा.

तोंडात जखमा असतील तर मुगाची मऊ खिचडी तूप घालून, ज्वारीच्या पिठाची पेज, गाळलेलं वरण, साय, मऊ अंडं, आणि दुधात पूर्ण विरलेली खापरावरची पुरणपोळी. पुरणपोळीत ताकदही भरपूर असते. केळी तर आपल्याकडे घरोघरी, पण तोंड कोरडं असेल तर कुस्करलेलं केळं टाळूला चिकटून बसतं. दूध घालून ते पळीवाढं करा. भरीत बिनमिरचीचं, साल-बिया काढलेलं चालतं, मात्र वांगं काहींच्या जिभेला खाजतं, तसं झालं तर थांबवा. ठेचा, लिंबू, चिंच, टोमॅटो, मोसंबी, आंबट ताक, कडक पापडी-बिबडे आणि वाफाळता चहा बंद.

अन्ननलिका अरुंद असेल किंवा तिच्यात स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला असेल तर यादी बदलते. इथे तिखटापेक्षा अन्नाचा गोळा घातक. पोळी, पाव, भाकरीचा लगदा, मेथी-पालकाचे धागे, मटणाचे तुकडे, संत्र्याच्या फोडी स्टेंटमध्ये अडकतात. सगळं वाटून, गाळून, दोन घासांमध्ये घोटभर पाणी देत द्या.

तोंड आवळलेल्या रुग्णाला व्यायाम शिकवा. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून जेवढ्या दातांमध्ये मावतील तेवढ्या घालायच्या, मग आणखी एक हलकेच सरकवायची आणि 30 सेकंद धरायचं. असं 5 वेळा, दिवसातून 5 फेऱ्या. पुढचे दात हलत असतील तर काड्या दाढांमध्ये ठेवा. काड्यांचा आकडा रोज लिहायला लावा. आकडा वाढताना दिसला की माणूस व्यायाम सोडत नाही. सुपारी सुरूच राहिली तर मात्र तो पुढे सरकत नाही, हे स्पष्ट सांगा.

भरवताना

अर्धांगवायूच्या रुग्णाला पहिला घास देण्याआधी गिळणं तपासा. रुग्ण पूर्ण जागा हवा आणि ताठ बसलेला हवा. 5 मिली पाणी चमच्यानं द्या, गळ्यावर बोटं ठेवून कंठमणी वर उचलला जातो का बघा, मग "आ" म्हणायला लावा. खोकला आला, आवाज ओला किंवा घरघरता झाला किंवा श्वास वाढला तर तिथेच थांबा, तोंडानं काही देऊ नका आणि डॉक्टरांना कळवा. तीन चमचे नीट गेले तर 50 मिली पेल्यातून घोटाघोटानं द्या आणि पुन्हा ऐका. खोकला आलाच नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. काहींच्या फुफ्फुसात पाणी जातं आणि ठसकाही लागत नाही. ताप आणि छातीतली घरघर मग दोन दिवसांनी दिसते.

भरवताना हनुवटी किंचित छातीकडे, घास चांगल्या बाजूच्या गालात, आणि आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही. जेवण झालं की लुळ्या बाजूच्या गालात बोट फिरवून उरलेलं अन्न काढा. त्यानंतर 30 मिनिटं तरी बसतं ठेवा. नातेवाईक मायेपोटी आडव्या झोपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओततात. ते न्युमोनियाचं कारण ठरतं. रागावू नका, त्यांच्या हातात चमचा देऊन बसवून कसं पाजायचं ते एकदा करून दाखवा.

रायल्स ट्यूब

ॲसिड किंवा अल्कलीनं जळलेली अन्ननलिका आणि अन्ननलिकेचं ताजं ऑपरेशन, या दोन्हींत रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी नळी, आपण आंधळेपणानं घालायची नाही. ऑपरेशनमध्ये बसवलेली नळी सरकली तर ती परत आत ढकलायचीही नाही. टाका फाटू शकतो. सर्जनना बोलवा.

इतर रुग्णांत मोठ्या माणसाला साधारण 14 ते 16 फ्रेंच आकाराची नळी लागते. मोजमाप नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. तिथे खूण करा. रुग्णाला बसवा, नळीला जेल लावा, नाकपुडीतून सरळ मागे सरकवा, वर नाही. घशाशी आली की हनुवटी खाली करून गिळायला सांगा आणि प्रत्येक गिळण्याबरोबर थोडी पुढे न्या. खोकला, गुदमरणं, निळसरपणा दिसला की लगेच बाहेर काढा. जागा पक्की करायला एक्स-रे सगळ्यात भरवशाचा. ओढलेल्या द्रवाचा पीएच 5.5 किंवा त्याखाली असेल तर नळी जठरात असल्याचं मानता येतं. हवा सोडून स्टेथोस्कोपनं "गुडगुड" ऐकणं पुरेसं नाही, फुफ्फुसात गेलेल्या नळीतूनही तसाच आवाज येऊ शकतो.

प्रत्येक वेळी अन्न देण्याआधी नाकाजवळची खूण जागेवर आहे ना बघा. डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचला. 30 मिली पाणी, मग 200 ते 250 मिली अन्न, मग पुन्हा 30 मिली पाणी. सिरिंजचा दट्ट्या काढून टाका, अन्न आपल्या वजनानं उतरू द्या. घाईत दट्ट्या दाबला की पोट फुगतं आणि उलटी होते. घरून आलेलं वाटण दुहेरी फडक्यातून गाळा. नळी तुंबण्याचं नेहमीचं कारण गाळलेल्यात राहिलेली साल आणि नीट न कुटलेल्या गोळ्या. आवरण असलेल्या आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्याच नाहीत, पर्याय विचारा. उन्हाळ्यात तयार अन्न 2 तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.

अन्ननलिकेच्या तातडीच्या वेळा

ॲसिड प्यायलेला रुग्ण. केळीच्या बागांमुळे ठिबकच्या नळ्या साफ करायचं ॲसिड शेतघरात असतं आणि ते पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलं की चुकून प्यायलं जातं. संडास साफ करायच्या द्रवाचंही तेच. उलटी करवू नका, वर येताना ते दुसऱ्यांदा जाळतं. मिठाचं पाणी, दूध, अंडं, सोडा काही नको. तोंड पाण्यानं धुवून थुंकायला लावा, पोटात काही देऊ नका, बाटली सोबत आणायला सांगा. आवाज बसणं, लाळ गळणं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येणं म्हणजे श्वासमार्ग सुजतो आहे, तेव्हा धावा. तोंड आतून स्वच्छ दिसलं तरी अन्ननलिका जळलेली असू शकते. एंडोस्कोपी साधारण पहिल्या 24 तासांत होते, म्हणून रुग्णाला लवकर पुढे पाठवा. मुद्दाम प्यायलं असेल का, हे नातेवाइकांना बाजूला करून हळुवार विचारा आणि त्याला एकटं सोडू नका. दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर काही आठवड्यांनी भाकरी अडायला लागली तर अन्ननलिका आकसते आहे. लगेच यायला सांगून ठेवा.

रक्ताची उलटी. दारूनं किंवा काविळीनं यकृत खराब झालेल्या रुग्णात अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटतात. डाव्या कुशीवर वळवा, सक्शन लावा, 16 किंवा 18 नंबरच्या दोन जाड सुया लावा, रक्तगट आणि क्रॉसमॅचला नमुना पाठवा, तोंडानं सगळं बंद. रक्त थांबवायला अन्ननलिकेत फुग्याची नळी बसवली असेल तर कात्री उशाशी बांधून ठेवा. फुगा वर सरकून श्वास अडला तर नळी कापून काढायची असते.

एंडोस्कोपीनंतर घसा बधिर असतो. टंग डिप्रेसरनं घशाला स्पर्श करून ओकारी येते का बघा, आल्याशिवाय पाणीसुद्धा नाही. अरुंद अन्ननलिका रुंद केल्यानंतर छातीत किंवा पाठीत कळ, ताप, धाप, किंवा मानेची कातडी दाबली की कुरकुरणं, यातलं एकही आढळलं तर भोक पडलं असू शकतं. तोंडानं देणं थांबवा आणि लगेच कळवा.

आंबट ढेकर आणि छातीत जळजळीच्या रुग्णाला उशा रचून देऊ नका. पोट दुमडतं आणि आम्ल आणखी वर येतं. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंटीमीटर विटा ठेवा. रात्रीचं जेवण झोपण्याआधी 3 तास, झोप डाव्या कुशीवर, आम्ल कमी करणारी गोळी सकाळच्या खाण्याआधी अर्धा तास. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी कोरडी गिळून आडवं झालं की ती अन्ननलिकेतच चिकटून जखम करते, म्हणून पूर्ण पेला पाणी आणि अर्धा तास बसणं.

तोंडाच्या ऑपरेशननंतर

जबडा किंवा गाल काढून मांसाचा फ्लॅप बसवला असेल तर पहिले दोन दिवस दर तासाला त्याचा रंग, उबदारपणा, आणि दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ लिहा. पांढरा, गार फ्लॅप म्हणजे रक्त पोहोचत नाही, निळसर आणि टम्म म्हणजे रक्त परत जात नाही. दोन्हींत सर्जनना फोन त्याच क्षणी, कारण फ्लॅप वाचवायला हातात काही तासच असतात. छातीवरून आणलेला फ्लॅप असेल तर ट्रॅकिओस्टोमीची (श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीची) नाडी त्यावर आवळली जात नाही ना बघा. जबडा तारेनं बांधला असेल तर तार कापायची कात्री खाटेला लटकवून ठेवा आणि कुठल्या तारा कापायच्या ते सर्जनकडून बघून घ्या. बोलता न येणाऱ्याला पाटी-पेन्सिल द्या. लिहिता येत नसेल तर पाणी, दुखतंय, लघवी, श्वास यांची चित्रं पुठ्ठ्यावर काढा, रुग्ण बोट ठेवेल.

सुट्टीच्या कागदावर गुळणीचं प्रमाण, नळीची खूण किती सेंटीमीटरवर आहे, घरच्या पदार्थांची नावं आणि पुढची तारीख मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा. तंबाखू सोडायला मदतीचा मोफत फोन 1800-11-2356 त्याच कागदावर वर टाका. कर्करोगाचं निदान असेल तर रुग्ण वॉर्डात असतानाच महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राशी (रुग्णालयातल्या मदतनीसाशी) गाठ घालून द्या. रेशन कार्ड, आधार कार्ड घरी राहिलं म्हणून अक्राणी-रावेरहून दोन फेऱ्या पडल्या की उपचार तिथेच लांबतात.